‘बडतर्फ करू शकतो का?’ : एका वाक्यातील चार शब्दांची चर्चा

शंका

निक्सन यांच्या काळात अमेरिकेत विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसखोरी झाली आणि ती दडपण्याचा प्रयत्न झाला, त्या वॉटरगेट प्रकरणावर एक टिपण लिहिताना मी पुढील वाक्य लिहिले : ‘अमेरिकेचा राष्ट्रपती स्वतःची चौकशी करणाऱ्या सरकारी वकिलाला बडतर्फ करू शकतो का?’ वाक्य वाचायला सरळ आहे, पण त्यातील ‘राष्ट्रपती’, ‘सरकारी वकील’, ‘बडतर्फ’ आणि ‘शकतो’ या चारही शब्दांविषयी मला आता खात्री वाटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

पहिल्या शब्दाचा निकाल लवकर लागतो. मराठी वृत्तपत्रांनी ‘राष्ट्रपती’ भारतासाठी आणि ‘राष्ट्राध्यक्ष’ अमेरिकेसाठी असा भेद बराच काळ पाळला आहे, आणि येथे तो उपयोगी आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, तर अमेरिकी संविधान संपूर्ण कार्यकारी सत्ता एकट्या राष्ट्राध्यक्षाकडे सोपवते. आपला प्रश्न त्या सोपवणुकीतूनच उद्भवतो.

‘सरकारी वकील’ मात्र मला धोक्याचा वाटतो. ‘वकील’ म्हणजे मुळात दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. पेशवाईत हैदराबादच्या किंवा दिल्लीच्या दरबारी जो वकील असे, त्याला त्याचा धनी केव्हाही परत बोलावू शके. आजही पक्षकार वकील बदलतो तेव्हा त्याला कोणी कारण विचारीत नाही. म्हणजे हा शब्द वापरला की उत्तर प्रश्नातच शिरते : राष्ट्राध्यक्ष हाच सरकार, सरकार हा पक्षकार, मग पक्षकाराने वकील काढला तर बिघडले कुठे? कार्यकारी सत्ता एकसंध आहे असे मानणारे अमेरिकी विधिज्ञ जवळजवळ हाच युक्तिवाद करतात. वाद ज्या मुद्द्यावर आहे तो शब्दाच्या निवडीनेच निकालात निघू नये, म्हणून ‘विशेष अभियोक्ता’ लिहावे. या शब्दात आरोप ठेवून खटला चालवण्याचे काम दिसते, धनी दिसत नाही. शिवाय ‘अभियोक्ता’, ‘अभियुक्त’ आणि ‘महाभियोग’ हे तिन्ही एकाच ‘युज्’ धातूचे असल्यामुळे टिपणात त्यांचे नाते आपोआप उमटेल.

दुसरा प्रतिसाद

‘बडतर्फ’विषयी थोडे. फार्सी ‘बर-तरफ’ म्हणजे ‘बाजूला’. मराठीत ‘र’चा ‘ड’ झाला आणि शब्दाला शिक्षेची धार आली. संविधानाच्या अनुच्छेद ३११ च्या मराठी पाठात ‘बडतर्फ करणे’ आणि ‘पदावरून दूर करणे’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. सेवानियमांनुसार बडतर्फ झालेला मनुष्य सामान्यतः पुन्हा सरकारी नोकरीस अपात्र ठरतो, दूर केलेला तसा ठरत नाही. वॉटरगेटची चौकशी करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांच्यावर गैरवर्तनाचा ठपका नव्हता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयातील ध्वनिफिती मागण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही, एवढेच. म्हणून काटेकोर लेखनात ‘पदावरून दूर केले’ हेच बरे. ‘हकालपट्टी’ मथळ्यात शोभते. ‘उचलबांगडी’ आपण बहुधा बदलीसाठी राखून ठेवतो. ‘नारळ दिला’ यात निरोपाचे सौजन्य आहे, जे त्या प्रसंगी औषधालाही नव्हते.

‘गच्छंती’ मात्र येथे विलक्षण चपखल बसतो. ‘गच्छन्ति’ हे संस्कृतात अनेकवचनी क्रियापद आहे, ‘ते जातात’. मराठीत आपण एकटा मनुष्य गेला तरी त्याची ‘गच्छंती’ करतो. २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी रात्री खरोखरच अनेकवचन घडले. कॉक्स यांना दूर करण्याचा आदेश अ‍ॅटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी नाकारला आणि राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि तेही गेले. अखेरीस न्यायखात्यात त्यांच्यानंतरच्या क्रमांकाचे अधिकारी, सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क यांनी सही केली आणि कॉक्स गेले. (अ‍ॅटर्नी जनरलसाठी येथे ‘महान्यायवादी’ हा प्रतिशब्द टाळावा; अमेरिकेतील हा अधिकारी न्यायखात्याचा प्रमुखही असतो, आपला नसतो.) त्या रात्रीला अमेरिकी लोक हत्याकांडाचे नाव देतात. त्याचे भाषांतर ‘कत्तलीची रात्र’ असे मात्र करू नये, कारण आपल्याकडे ती मतदानाच्या आदल्या रात्री येते.

मूळ शंकाकाराचा उपप्रश्न

मग ‘शकतो’चे काय? निक्सन यांनी कॉक्स यांना दूर केलेच, म्हणजे ‘करू शकतो’ हे सिद्ध झाले, असे म्हणावे काय?

प्रतिसाद

नाही, आणि मराठी क्रियापदाची खरी अडचण हीच आहे. ‘शकणे’ सामर्थ्य सांगते, संभव सांगते आणि अधिकारही सांगते. चोर कुलूप फोडू शकतो, म्हणून त्याला तो अधिकार आहे असे आपण म्हणत नाही. वॉटरगेटमध्ये या तीन अर्थांची उत्तरे वेगवेगळी आली.

सामर्थ्यापुरते बोलायचे तर निक्सन यांनी ‘काढले’ नाही, ‘काढायला लावले’. मराठीचे हे प्रयोजक रूप येथे अवश्य वापरावे, कारण दोन माणसांनी नकार दिल्यावर तिसरा मिळाला म्हणून काम झाले. कॉक्स यांची नेमणूक अ‍ॅटर्नी जनरलनी केली होती. गंभीर अनौचित्य घडल्याखेरीज त्यांना दूर करणार नाही, असा शब्द रिचर्डसन यांनी सिनेटला दिला होता आणि न्यायखात्याच्या नियमातही ते नमूद होते. त्या नियमाच्या आधारे न्यायाधीश गेरहार्ड गेसेल यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये ही कृती बेकायदा ठरवली. म्हणजे ‘काढले’ हे खरे, आणि ‘काढता येत नव्हते’ हेही खरे. कॉक्स परत आले नाहीत, पण जनक्षोभामुळे त्यांच्या जागी लिऑन जॅवोर्स्की यांची नेमणूक करावी लागली, आणि त्यांच्याच मागणीवर २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी ध्वनिफिती देण्याचा आदेश दिला. नियम बदलता येतो, परंतु तो लागू असेतोवर सरकारलाही बांधतो, असे त्या निकालात म्हटले आहे. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. ‘पायउतार’ हा शब्द आपण स्वतःहून पद सोडणाऱ्यासाठी ठेवतो. तेव्हा तो किती स्वतःहून होता, हे वाचकावर सोडावे.

पुढे १९७८ च्या कायद्याने आणि त्याच्या नंतरच्या दुरुस्तीने स्वतंत्र अभियोक्त्याला ‘सबळ कारणा’शिवाय दूर करता येणार नाही असे ठरले, आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी ते मान्य केले. तो कायदा १९९९ मध्ये संपला. त्याची जागा घेणाऱ्या न्यायखात्याच्या नियमांनुसार दूर करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नसून अ‍ॅटर्नी जनरलला आहे, तोही कारण लेखी देऊन. पण नियम खात्याचे, आणि खाते राष्ट्राध्यक्षाच्या हाताखालचे. त्यामुळे वाद मिटलेला नाही. २०१६ च्या निवडणुकीतील रशियाच्या हस्तक्षेपाची चौकशी करणारे विशेष अभियोक्ता रॉबर्ट म्युलर यांच्या २०१९ च्या अहवालात नोंद आहे की राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २०१७ मध्ये आपल्या कायदेविषयक सल्लागाराला म्युलर यांना हटवण्याची व्यवस्था करायला सांगितले आणि सल्लागाराने ते केले नाही. येथेही प्रयोजक क्रियापदच हवे, फक्त या वेळी ते पूर्णत्वास गेले नाही.

आपले वाक्य मी असे लिहीन : ‘अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला, त्याचीच चौकशी करणाऱ्या विशेष अभियोक्त्याला पदावरून दूर करण्याचा किंवा करवण्याचा अधिकार आहे काय?’ लांबले आहे खरे, पण ‘शकतो’ गेला.