मॅट्रिक्स बदलला, तरी कॅशेतून जुनंच उत्तर येतंय

प्रश्न
पायथॉनमध्ये बाऊंडरी एलिमेंट पद्धतीनं (वस्तूच्या फक्त सीमेचे तुकडे करून) उष्णतेचं गणित सोडवतेय. मॅट्रिक्स ४००० बाय ४०००, शून्यं जवळजवळ नाहीतच. मॅट्रिक्स तोच, उजवीकडचा व्हेक्टर मात्र शेकडो वेळा बदलतो, म्हणून इन्व्हर्स (व्यस्त मॅट्रिक्स) एकदाच काढून कॅशेत, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, ठेवायचं ठरवलं. पायथॉनचा तयार एलआरयू-कॅशे लावला तर नम्पाय लायब्ररीचा ॲरे (आकड्यांचा तक्ता) 'अनहॅशेबल', म्हणजे शोधखूण म्हणून चालत नाही, असा एरर. मग साधी डिक्शनरी केली आणि मॅट्रिक्सचा आयडी (पायथॉन प्रत्येक वस्तूला देतं तो क्रमांक) हीच तिची की, म्हणजे नोंद शोधायची खूण. झपाझप चालायला लागलं.
काल एका तुकड्याची सीमा-अट बदलली, म्हणजे १७ वा स्तंभ बदलला. तापमान तस्संच, शेवटच्या दशांशापर्यंत! अख्खी संध्याकाळ सीमा-अटी तपासत बसले, चूक निघाली कॅशेत. आता की कशाची करू?

उत्तर १
आयडी सांगतो वस्तू कुठली. तिच्या आत काय आहे, ते नाही. ॲरे जागच्या जागी बदलला तरी आयडी तोच. वर जुना ॲरे मेमरीतून गेला की तोच आयडी दुसऱ्याला मिळू शकतो.
आतल्या आकड्यांचा हॅश (त्यांच्यावरून काढलेली छोटी खूण) काढून तीच की करता येईल, पण तो दर वेळी १२८ एमबीवर काढायचा. तुमच्या कामात ते महागच पडेल. त्यापेक्षा मॅट्रिक्स एका क्लासमध्ये ठेवा, बदल फक्त सेटरमधून (किंमत बदलणारं फंक्शन), आणि सेटरनं कॅशे रिकामा करायचा. ॲरेचा 'रायटेबल' (बदलू देणारा) फ्लॅग फॉल्स करा, म्हणजे चोरवाट बंद.

उत्तर २
इन्व्हर्स मुळात साठवूच नका. सायपाय लायब्ररीच्या एलयू-फॅक्टरचा निकाल (मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी फॅक्टर) साठवा आणि दर व्हेक्टरला एलयू-सॉल्व्ह. फॅक्टर काढायला सुमारे ४३ अब्ज क्रिया, नंतरच्या प्रत्येक उत्तराला साधारण ३.२ कोटी. इन्व्हर्सला सुरुवातीलाच तिप्पट खर्च, आणि अचूकताही सहसा कमी.
एकच स्तंभ बदलत असेल तर शर्मन-मॉरिसन सूत्र (अशा बदलानंतरचं उत्तर जुन्यावरून काढणारं) वापरा: जुनेच फॅक्टर आणि एक जादा सॉल्व्ह. सूत्रातला छेद शून्याजवळ गेला तर मात्र फॅक्टर नव्यानं काढा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. फ्लॅग बंद करून चालवलं तर लगेच व्हॅल्यू-एरर आला, तोही १७ व्या स्तंभाच्या ओळीआधीच. एका जुन्या फंक्शनमध्ये मॅट्रिक्सवर थेट 'अधिक-बरोबर' (जागच्या जागी बेरीज) लिहिलेलं होतं, माझंच. म्हणजे गेल्या आठवड्याचे आलेखही चुकलेत. एलयू लावून आज रात्री ते सगळे पुन्हा काढते.