सुदानच्या भाडेकरू मुलाचा व्हिसा संपत आलाय, आम्ही घरवाल्यांनी काय करायचं?

ताळगावची_सुषमा:
नमस्कार. आमच्या घरी वरच्या खोलीत सुदानचा एक मुलगा भाड्यानं राहतो, इथंच कॉलेजात आहे. मूळचा ओमदुरमानचा. 2023 च्या एप्रिलात तिकडं लढाई पेटली तेव्हापासून घरचे पांगलेत, आई न बहीण कैरोला, वडलांचा फोन कधी लागतो कधी नाही. आता स्टुडंट व्हिसा संपायला दोनेक महिने उरलेत, शिक्षण अजून वर्षभर आहे, आणि पासपोर्टपण त्याच सुमारास संपतोय. रात्री गच्चीवर फेऱ्या मारत असतो, जेवायला बोलावलं तर दोन घास खाऊन उठतो. कोणीतरी सांगितलं की पासपोर्ट संपला की सरळ परत पाठवतात, दुसरा म्हणतो दिल्लीला जाऊन यूएनचं कार्ड काढ म्हणजे व्हिसाची कटकटच नको. आधी कुठं धावायचं? आमचा काही कागद लागतो का?

फोंड्याचा_संजय:
ताई, मी कॉलेजच्या ऑफिसात परदेशी मुलांचे कागद बघतो. पहिलं पासपोर्ट. व्हिसा साधारण पासपोर्टच्या मुदतीपुढं वाढवून देत नाहीत, म्हणून दिल्लीच्या सुदानी वकिलातीत आजच फोन करायला लावा आणि रिन्युअलचा अर्ज केला की त्याची पावती जपून ठेवायला सांगा. लढाईनंतर त्यांचं सरकारी काम खार्टूमहून पोर्ट सुदानला हललं होतं, तिकडनं कागद यायला उशीर लागू शकतो. पण त्यासाठी व्हिसाचा अर्ज अडवून ठेवू नका हां, मुदत संपायच्या आत ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसा-नोंदणीच्या सरकारी वेबसाईटवर, अर्ज चढलाच पाहिजे, पावती त्यालाच जोडायची न सोबत काय झालं ते एका पत्रात सरळ लिहायचं. सगळं ऑनलाईन असतं, बोलावलं तरच पणजीला ऑफिसात जायचं.
तुमच्याकडून भाडेकरार, वीजबिल न सी फॉर्मची (नव्या नियमांत त्याला फॉर्म III म्हणतात) कॉपी लागेल. सी फॉर्म भरलाय ना? तो घरवाल्यानंच भरायचा असतो, परदेशी माणूस राहायला आल्यापासून 24 तासांत. पोलीस स्टेशनात दिलेलं भाडेकरूचं व्हेरिफिकेशन वेगळं, बरेच लोक तेवढं देऊन गप्प बसतात आणि मग एक्स्टेंशनच्या वेळी पोराचं अडतं. करारावरचं नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणंच हवं, सुदानी मुलांची नावं चार-चार शब्दांची असतात न करार करणारे दोनच लिहून मोकळे होतात. कॉलेजचं बोनाफाईड ताजं घ्या.

मडगाव_वकील:
संजयभाऊंनी बरोबर सांगितलंय. कार्डाचं मी सांगते. यूएनएचसीआरचं, म्हणजे यूएनच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं कार्ड म्हणजे राहण्याचा परवाना नव्हे. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळं कार्ड आहे म्हणून व्हिसा नको असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. शिक्षण संपल्यावरही परत जाणं धोक्याचं असेल तेव्हा तो रस्ता जरूर बघायचा, पण चालू स्टुडंट व्हिसा सोडून आता नको. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झालाय, मुदत उलटून राहिलं तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 3 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून तारीख चुकवायची नाही. आणखी एक, घरून पैसे येत नसतील तर सीझनला शॅकवर किंवा डिलिव्हरीचं काम धरायचा मोह होतो, स्टुडंट व्हिसावर ते चालत नाही, सापडला तर एक्स्टेंशनच जाईल. त्यापेक्षा कॉलेजशी बोलून फीची मुदत मागा.

पर्वरीचा_दत्ता:
आई कैरोला आहे तर तिकडंच जाऊन पासपोर्ट करून आला तर?

मडगाव_वकील:
नको दत्ताभाऊ. जून 2023 पासून इजिप्तनं सगळ्याच सुदानींना आधी व्हिसा घ्यायला लावलाय, पूर्वी बायका, मुलं न 50 वरचे पुरुष तसेच जायचे. हा गेला न संपत आलेल्या पासपोर्टवर तिकडं अडकला तर वर्ष गेलं.

ताळगावची_सुषमा:
सगळ्यांचे खूप आभार. सी फॉर्म भरलाय, प्रिंट मिळाली. पण करारावर खरंच दोनच नावं आहेत, उद्या नोटरीकडं जाऊन नवा करते. वकिलातीचा फोन तो सकाळी लावतोय, मी शेजारी बसते. ताई, अर्जासोबतच्या पत्रात घरच्यांची परिस्थिती लिहिली तर चालेल का?

मडगाव_वकील:
चालेल, लिहाच, पण खरं तेवढंच न थोडक्यात. मसुदा मला मेसेज करा, रात्री वाचून देते. पैसे नकोत.