शब्दचर्चा : ‘हार्ट रेट रिकव्हरी’ मराठीत कशी लिहावी?

दांडिया बाजार : आमच्या वडोदऱ्याच्या व्यायामवर्गासाठी मराठी सूचनापत्रक करतोय. ‘हार्ट रेट रिकव्हरी’ला ‘हृदयगती पूर्ववत होणे’ चालेल का? आणि ठोक्यांवर आपोआप ताबा ठेवणाऱ्या मज्जासंस्थेच्या ‘सिम्पथेटिक’ भागाला नुसतं ‘अनुकंपी’ लिहिलं तर कळेल?

रावपुरा : ‘पूर्ववत’ नकोच. जोरदार व्यायामानंतर ठोके पूर्ववत व्हायला बराच वेळ लागतो. इथे मोजायचं ते एका मिनिटात किती उतरले एवढंच. थांबताना 164, मिनिटाने 139, तर आकडा 25. आपण ‘ताप उतरला’, ‘सूज उतरली’ म्हणतोच, तसा ‘एका मिनिटाचा नाडी-उतार’ लिहा. ‘एका मिनिटाचा’ गाळू नका, दोन मिनिटांचा आकडा वेगळा येतो. ‘नाडी सुटणे’ मात्र चुकूनही नको, त्याचा अर्थ माणूस अत्यवस्थ!

मांजलपूर : उतार पटला. ‘अनुकंपी’ने मात्र घोळ होतो. अनुकंपा म्हणजे दया, नाहीतर अनुकंपा तत्त्वावरची नोकरी. त्यामुळे ही संस्था शांत करणारी वाटते. काम नेमकं उलट, ठोके वाढवण्याचं. पाठ्यपुस्तकातले शब्द ठेवा, पण पहिल्यांदा येतील तिथे ‘अनुकंपी, म्हणजे जोर वाढवणारी’ आणि ‘परानुकंपी, म्हणजे आवर घालणारी’ असं फोडून लिहा.

‘आवर’ का, तेही सांगते. हृदयाचा स्वतःचा ताल मिनिटाला साधारण 100. बसल्या जागी 70 दिसतात ते परानुकंपीची व्हेगस नस आवरून धरते म्हणून. व्यायामात ती सैल सोडते आणि थांबल्यावर काही सेकंदांत परत आवर घालू लागते. अनुकंपीचा जोर त्यामानाने सावकाश ओसरतो. म्हणून पहिल्या मिनिटाचा उतार मुख्यतः व्हेगसचा.

दांडिया बाजार : मसुद्यात ‘12 किंवा कमी उतार म्हणजे हृदयविकार’ असं वाक्य आहे.

रावपुरा : ते काढाच, लोक विनाकारण घाबरतील. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या अभ्यासात 12 किंवा कमी उतार असलेल्यांत पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. ही जोखमीची खूण झाली, निदान नव्हे. शिवाय ती माणसं ट्रेडमिलवर हळू चालत होती. लगेच आडवं केलं तर 18 ही सीमा धरतात. तेव्हा आकड्याशेजारी ‘चालत’ की ‘आडवं’ हे लिहा. बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी ठेवणारी औषधं, घेणाऱ्यांचे ठोके मुळात फार चढत नाहीत, त्यांना हा आकडा लावू नका. मे महिन्याच्या उकाड्यात, अंगातलं पाणी कमी असताना, धडधाकट माणसाचाही उतार मंदावतो.

मांजलपूर : मोजण्याची ओळही बदला. ‘पुढचा मिनिटभर ठोके मोजा’ म्हटलं की त्या मिनिटाची सरासरी येते, उतार नाही. एक मिनिट झाल्यावर 15 सेकंद मोजून चारने गुणा. एक ठोका चुकला तरी चारचा फरक पडतो, म्हणून ठोके मोजणारा छातीचा पट्टा असेल तर उत्तम. मनगटी घड्याळाचा आकडा अनेकदा मागे रेंगाळतो. आणि ‘थांबा’ऐवजी ‘वेग कमी करून चालत राहा’ लिहा. एकदम उभं राहिलं की रक्त पायांच्या शिरांत साठतं आणि चक्कर येते.