अनुभव धागा: बाहेरच्या माऊंचं जेवण खातं कोण?

काल माळा आवरताना आजीची चेपलेली जर्मनची ताटली हाती लागली आणि मुलुंडचं जुनं घर आठवलं. मागे नॅशनल पार्कचा डोंगर. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की आजी भात-बोंबील कालवून मागच्या पायरीवर ठेवायची. सकाळी ताटली लख्ख. एकदा लाईट गेले म्हणून मागचं दार उघडलं, तर ताटलीवर कांडेचोर, म्हणजे उदमांजर! करडं अंग, काळं तोंड, अंगाएवढी लांब शेपूट. आमची तांबू कोपऱ्यात अंग चोरून उपाशी बसलेली. आजीला फार लागलं ते. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाचलाच घालायची, तांबूचं होईपर्यंत पाटावर बसून राहायची, उरलेलं लगेच आत. तुमच्याकडे कसं? लिहा.

आरेवाली
उजेडातच घाला, खरंच. उरलेल्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. मागच्या पावसाळ्यात आमची भुरी गेली. नऊ वर्षांची होती. अजून कुकरची शिट्टी झाली की दाराकडे बघते मी.

गिरगावकर
अरेरे. आमच्या चाळीत घुशी. पावसात त्यांच्या मुतातून लेप्टो होतो, म्हणून ताटली रात्रभर बाहेर ठेवत नाही. मुंग्यांसाठी परातीत पाणी, मधे वाटी.

सुकट
परातीचं आजच करते! इथे घार. बांगड्याचं डोकं माऊच्या पुढ्यातून उचललं. आता जिन्याखाली घालते, तिथे घारीला झेप घेता येत नाही. मांदेली काय महाग झालीये पण.

चारकोप से. ८
खारफुटीत कोल्हे आहेत आमच्याकडे. रात्री ओरडतात, मुलगा घाबरतो

गिरगावकर
सुकट, मीठ नको हं घालू. दूधही नको, मोठ्या मांजरांना पचत नाही.

पपईचं झाड
कांडेचोराला कुणी मारू नका प्लीज. फळंही खातो तो, आमच्या पपया त्याच्याच. १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे त्याला. ताटली उचलली की आपोआप यायचा थांबतो, आमच्याकडे आठवड्यात थांबला.

सुकट
माऊंची ऑपरेशनं केलीत का कुणी? आमच्या तिघींची झाली, कानाला खूण आहे. पिल्लं कावळ्यांच्या तोंडी जायची ते बघवत नव्हतं.

धागाकर्ती
आरेवाली, भुरीचा फोटो आहे का गं?

आरेवाली
जुन्या फोनमध्ये आहे. चार्जर शोधते, थांब.