डाव्या चाकाची टकटक आणि सकाळची चीं-चीं : गॅरेजने अख्खं सस्पेन्शनच लिहून दिलंय

मागचीसीट :

गाडी पेट्रोल हॅचबॅक, १२ वर्षांची, ८६ हजार किलोमीटर झालेत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम. पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, म्हणजे अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात.

तक्रारी दोन. पहिली, फुटक्या रस्त्यावर हळू चालवताना पुढून डावीकडून टक-टक-टक. डावं चाक एकटं खड्ड्यात गेलं की हमखास. आडव्या गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम गेली तर मात्र चकार शब्द नाही. दुसरी, सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून चीं-चीं. थोड्या वेळाने थांबते, पण तेवढ्यात स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुन्हा किंचाळते.

गॅरेजवाल्याने डावी बाजू जॅकवर घेतली, चाक दोन-तीनदा हलवलं आणि यादी दिली : दोन्ही शॉकअप, त्यांचे वरचे दोन्ही माउंट, चाकाला खालून धरणारे दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड, पट्टा, त्याला ताण देणारा टेन्शनर, त्याला वाट दाखवणाऱ्या मोकळ्या पुल्या म्हणजे आयडलर. यातलं नक्की गेलंय काय, असं विचारलं तर म्हणाला, "सगळंच." फार खोदल्यावर टॉर्च मारून शॉकअप दाखवला, वरच्या बाजूला ओलसर होता. डाव्या टायरची आतली कड थोडी जास्त झिजलीये, हे माझं मीच पाहिलं.

सगळं बदलायला माझी ना नाही. पण ज्याने त्रास होतोय तो पार्ट कुठला, हे कळल्याशिवाय हो म्हणवत नाही.

टॉपगिअर_नको :

गाडी १२ वर्षांची आहे ना? मग रबर तसंही म्हातारं झालेलं असणार. एकदा खोलतायत तर सगळं उरकून टाका, पुन्हापुन्हा मजुरी कशाला.

पिटातला :

वरच्यांचं मजुरीचं गणित शॉकअप, माउंट आणि बंप स्टॉप (शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी ठोकळा) यांच्यापुरतं बरोबर आहे, कारण ते तिन्ही एकाच खोलण्यात येतात. लिंक रॉडचं तसं नाही. तो दोन नटांचा पार्ट आहे, त्याच्यासाठी स्ट्रट उतरवावा लागत नाही.

मागचीसीट, तुमचं निदान तुम्हीच अर्धं लिहिलंय. अँटी-रोल बार डाव्या-उजव्या चाकांना आपसात बांधतो, आणि त्याचं प्रत्येक टोक लिंक रॉडने स्ट्रटला जोडलेलं असतं. दोन्ही चाकं सारखी वर गेली तर बार आपल्या बुशांमध्ये, म्हणजे रबरी अस्तरांमध्ये, नुसता फिरतो, त्याला पीळ पडत नाही. एक चाक खाली आणि दुसरं जागेवर राहिलं की तो पिळला जातो आणि सगळा झटका लिंकच्या बॉलवर येतो. एकट्या चाकाला आवाज, दोन्ही एकदम गेली की शांत, वेगही कमी... माझा पहिला संशय लिंक रॉडवर.

आता गॅरेजवाल्याला तो सैल आहे असं ठामपणे का दाखवता आलं नाही? एकच बाजू जॅकवर घेतली, म्हणून. एक चाक लोंबलं की बार पिळतो आणि लिंकचा बॉल त्याच्या वाटीत एका अंगाला दाबून धरतो. प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला तरी हाताला लागत नाही. तपासायचं ते चारही चाकं जमिनीवर असताना, पिटात किंवा रॅम्पवर. लिंकच्या वरच्या जॉइंटवर अंगठा असा ठेवा की अर्धा बॉलच्या घरावर आणि अर्धा स्ट्रटच्या पत्र्यावर येईल. दुसऱ्या माणसाला गाडी डावी-उजवी डोलवायला सांगा. चांगला जॉइंट मुकाट फिरतो, गेलेला असेल तर अंगठ्याखाली टिचकी बसते. मग खालच्या जॉइंटवर तेच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका हो, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

बाकीचे संशयितही तपासून घ्या. डावं चाक उचला, खाली स्टँड लावा. वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गायब झाला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले आला तर स्टिअरिंगचे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड. माउंटसाठी, गाडी उभी ठेवून स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवा. वरचं बेअरिंग धरत असेल तर स्प्रिंग अडते आणि मग 'टंग' करून सुटते.

ओलसर शॉकअप म्हणजे गेलेला शॉकअप असं धरू नका. रॉड वर-खाली होताना सीलमधून तेलाचा पुसट थर बाहेर येतोच, त्यावर धूळ बसते आणि तो ओला दिसतो. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर गोष्ट वेगळी. कोपरा दाबून किती उड्या मारते ते बघायची जुनी पद्धत पार मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला सुटून जातो. त्यापेक्षा टायरवर तळहात फिरवा. घेरावर उंच-सखल पट्टे लागले तर शॉकअपवर संशय घ्या. फक्त आतली कड झिजली असेल तर आधी चाकांचे कोन (टो, कॅम्बर) आणि लोअर आर्मचा मागचा बुश बघा.

कॉइलवाला :

सस्पेन्शनमध्ये मी पडत नाही, उभी हयात अल्टरनेटर आणि स्टार्टर खोलण्यात गेली. पट्ट्याचं तेवढं सांगतो.

इंजिन चालू, आवाज चालू असताना पट्ट्याच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा हलका फवारा मारा. बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको, हात लांब. आवाज क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली वाकड्या रेषेत आहे. पाण्याने उलट वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पंपावर सगळ्यात जास्त भार येतो आणि तेव्हाच तुमचा पट्टा ओरडतो, म्हणून माझी पैज घसरण्यावर. तसं स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवायची सवय असेल तर सोडा, पंपाचं तेल तापतं.

गॅरेजात पट्टा उलटा करून "भेगा नाहीत, चांगला आहे" म्हणतात, त्यावर जाऊ नका. जुन्या निओप्रीन पट्ट्यांना भेगा पडायच्या. हल्लीचे ईपीडीएम रबराचे पट्टे भेगा न पडताच झिजतात, खाच खोल होत जाते आणि पुलीची धार थेट तळाला टेकते. दिसायला नवा, पकड शून्य. पट्ट्यावर मारायचा चिकट स्प्रे मिळतो, तो लांबच ठेवा. आवाज चार दिवस दबतो, वर धूळ चिकटते ती वेगळी.

आता सकाळीच का, ते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी व्होल्टमीटरने मोजा. भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास दाखवेल. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. अर्धी बॅटरी असली की इंजिन चालू होताच अल्टरनेटर पूर्ण जोर लावून तिला भरायला घेतो, त्याची पुली जड होते आणि सैल पट्टा तिथेच घसरतो. बॅटरी थोडी भरली की भार उतरतो, आवाज थांबतो. लोक याला थंडीचा आवाज म्हणतात.

पट्टा काढण्याआधी तो कुठून कसा गेलाय याचा फोटो काढून ठेवा. काढल्यावर प्रत्येक आयडलर बोटाने फिरवा. घरघर आली तर बाद. एक टिचकी मारली आणि सायकलच्या चाकासारखा फिरतच राहिला तर तोही बाद, आतलं ग्रीस सुकलंय. जो जरा जड, गुळगुळीत फिरून थांबतो तो ठेवा.

मागचीसीट :

दोघांचं ऐकून रविवारी एका मित्राच्या पिटात गाडी घातली. डाव्या लिंकच्या खालच्या जॉइंटला अंगठ्याखाली स्पष्ट टिचकी, उजवीकडे काही नाही. बॉल जॉइंट, बेअरिंग ठीक. माउंट गप्प. लोअर आर्मच्या मागच्या बुशवर बारीक भेगा दिसतात. शॉकअप पुसून घेतला, खाली ओघळ नाही.

पाणी मारल्यावर आवाज वाढला. टेन्शनरवरचा काटा खुणेच्या बाहेर गेलाय. आयडलर दोन्ही बरे फिरतात. सकाळी बॅटरी १२.२, इंजिन चालू असताना १४.२.

लिंक मी स्वतः बदलू शकेन असं वाटतंय. आणि भेगा पडलेल्या बुशचं काय?

पिटातला :

लिंक जोडीने बदला, उजवी आज चांगली असली तरी ती तितकीच चाललीये. जुना नट सुटताना बॉलचा दांडा सोबत गरागरा फिरेल. दांड्याच्या टोकाला अ‍ॅलन की घालायला भोक असतं, नाहीतर जॉइंटच्या रबरी बुटामागे पाना धरायला चपट्या बाजू असतात. ते धरून नट सोडा. नवा लिंक बसवताना तिथे इम्पॅक्ट गन अजिबात लावू नका. दांडा फिरतो, रबरी बूट पिळतो, ग्रीस बाहेर येतं आणि नवा लिंक फार दिवस काढत नाही. नायलॉनवाले नट पुन्हा वापरू नका. दोन्ही चाकं उचलून किंवा दोन्ही जमिनीवर ठेवून काम करा. एकच बाजू उचलली तर पिळलेला बार दांड्याला भोकात जाऊ देणार नाही.

बुशच्या वरवरच्या भेगांवरून निकाल देऊ नका. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हळूच ढकला. भेग आरपार उघडली किंवा रबर धातूपासून सुटलेलं दिसलं तर बदला. ब्रेक मारताना आणि सोडताना 'धप्प' असा एकच आवाज येतो का, तेही ऐका.

आणि कधी आर्म बदललात तर एक गोष्ट मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघा. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना हातघट्टच ठेवायचे. चाकं जमिनीवर आली, गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर बसली, की मग शेवटचा टॉर्क, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणं. बुशची आतली नळी बोल्टने गच्च आवळली जाते, बाहेरचं घर आर्मसोबत हलतं, आणि मधलं रबर त्या दोघांमध्ये पीळ खातं. आर्म लोंबत असताना आवळलं तर रबराची 'सरळ' जागा लोंबणारी ठरते. गाडी खाली उतरली की ते उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. नवा बुश काही महिन्यांत फाटला की लोक पार्टला शिव्या देतात. लिफ्टवर हे काम अडचणीचं असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी वरच आवळून मोकळे होतात.

लिंक बदलल्यावर अलाइनमेंट लागत नाही. आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉडला हात लावला तर लागतं. तुमच्या टायरची आतली कड झिजलीये, तेव्हा लिंक झाल्यावर एकदा मोजून घ्याच, आणि आधी-नंतरचे आकडे कागदावर मागा.

टॉपगिअर_नको :

मग शॉकअप राहू द्यायचे?

पिटातला :

पुसून घेतलेत ना, आता गाडी नेहमीसारखी चालवा आणि महिन्याभराने पुन्हा टॉर्च मारा. खालपर्यंत ओघळ आला तर जोडीने, माउंट आणि बंप स्टॉपसकट. तेव्हा तुमचं मजुरीचं गणित लागू. पण स्ट्रटचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कुणालाही सोडू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो.

कॉइलवाला :

माझ्याकडून टेन्शनर आणि पट्टा सोबत बदला, आयडलर ठेवा. १४.२ आहे म्हणजे अल्टरनेटरला कुणी हात लावायला नको. बॅटरी मात्र आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि लोड टेस्ट करा. भरूनही दुसऱ्या सकाळी पुन्हा १२.२ वर आली, तर बॅटरी थकलीये किंवा उभ्या गाडीत काहीतरी करंट खातंय. मग मीटर अँपिअरवर घेऊन निगेटिव्ह केबलमध्ये घाला, काय आकडा येतो तो इथे टाका.