मदत हवी आहे: गाढवीच्या खुरांना बूट कुठले बसतील?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ राहतो. आमच्याकडे एक गाढवी आणि एक खेचर आहे. दोघांनाही नाल नाही आणि ठोकायचीही नाही. पण बागायतीकडे जाणाऱ्या वाटेवर जांभ्याची खडी टाकल्यापासून सोनी, आमची गाढवी, पाऊल अगदी जपून टाकते. काल तर कडेच्या गवतावर चढली, ती खाली उतरेचना. बघवत नाही हो.

घोड्याचे बूट एकाने वापरायला दिले होते. पुढून गोल, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सैल. गाढवाचा खूर अरुंद, लांबट आणि उभट असतो, तो आत फिरत राहिला. अर्ध्या तासात टाचेच्या वरची मऊ कातडी सोलली. जखम आता भरली आहे.

खूर तासून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मापं घेतली: पुढचा खूर रुंदीला ७.५ सेंमी, लांबीला ९.५ सेंमी. मागचे त्याहून अरुंद. कॅव्हालो कंपनीचे अरुंद खुरांसाठीचे ‘ट्रेक स्लिम’ बूट कुणी गाढवाला घातलेत का? एवढ्या लहान मापाला बसतील? टाचेशी कापड किंवा फोम घालावा का? खेचराला तरी घोड्याचं माप चालतं का?

आणखी एक, पावसाळ्यात बुटात पाणी आणि चिखल साचून खूर कुजायची भीती वाटते. दिवसात किती वेळ घालता? गोव्यात किंवा सिंधुदुर्गात खूर तासणारा जाणकार माणूस असेल तर जरूर कळवा.