राउटरला दुसरं क्लॉक कार्ड: गरज की चोचले?

खानापूर_केबल:
थेट विचारतो. खानापूर भागात नेट देतो, फायबर जांबोटीपर्यंत गेलंय. सेकंडहँड जुनिपर एम४०ई राउटर ठरवलाय. त्यात क्लॉक जनरेटरला दोन जागा आहेत, पण एका कार्डावर मशीन चालतंय. दुसऱ्याचे विकणारा वेगळे पैसे मागतोय. माझं मत, नको. चार वर्षांत माझं नेट बंद पडलं ते जेसीबीनं फायबर उपटलं म्हणून, नाहीतर वळवात लाईट गेली आणि यूपीएसनं मान टाकली म्हणून. क्लॉकमुळे एकदाही नाही.

उद्यमबाग_सीएनसी:
होय की. वेळ तर एनटीपीनं नेटवरूनच फुकट येते. दुसरं घड्याळ कशाला?

वडगावची:
अहो, ते भिंतीवरचं घड्याळ नव्हे! एनटीपी तारीख-वेळ सांगतं. हे कार्ड १२५ मेगाहर्ट्झचा ठोका देतं, म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटी. पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे, पुढे ढकलणाऱ्या सगळ्या चिपा त्या ठोक्यावर चालतात. तो थांबला तर लॉगमधली वेळ चुकत नाही, पॅकेट जायचंच थांबतं. लेझीम खेळणारे शंभर आणि हलगी एकच, असं करू नका. शिवाय मशीन जुनं. बेळगावात हे कार्ड कोण ठेवतो? बंगळूरहून रात्रीच्या बसनं पार्सल टाकलं तरी पाचशे किलोमीटर, आणि तेही तिथं असलं तर. तेवढा वेळ जांबोटीच्या लोकांना काय सांगणार?

खानापूर_केबल:
काय सांगणार, जेसीबीच्या वेळी सांगतो तेच. ताई, तेवढ्या पैशात बॅटऱ्यांचा एक सेट येतो.

तिसरं_गेट:
अर्धं दोघांचं बरोबर. टेलिकॉममध्ये केस पांढरे झालेत, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक. दुसरं कार्ड असलं म्हणजे कुणाला कळणारच नाही, असं नाही. चालू कार्ड गेलं की मशीन दुसऱ्यावर जातं, पण तेवढ्यात पॅकेट थांबतात आणि लाईन कार्डं, म्हणजे फायबर जोडतात ती कार्डं, नव्या ठोक्यावर परत उठतात. फोन येणारच. फरक एवढाच, की ते आपोआप उठतं, तुम्हाला पार्सलची वाट बघावी लागत नाही.

दोन. दोन्ही कार्डं एकाच लॉटची असली तर म्हातारीही बरोबरच होतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीनं जाहीर केलं होतं, की काही मशीनमधला क्लॉक सिग्नलचा एक भाग साधारण १८ महिने चालल्यानंतर निकामी होऊ शकतो. एकाच पुरवठादाराचा माल होता.

वडगावची:
काका, ते उदाहरण माझ्याच बाजूचं. तो भाग बोर्डावरच होता. गेला की बदलायला कार्डच नाही, अख्खं मशीन बदला! इथं निदान उपसता येतंय.

तिसरं_गेट:
मान्य. पण मग वेगळ्या लॉटचं कार्ड मागायला सांगा, नुसतं ‘दुसरं’ नको.

उद्यमबाग_सीएनसी:
आणि लाईटबिल? असला धूड राउटर रात्रंदिवस चालवायचा तर क्लॉक राहू दे, मीटर बघ आधी मर्दा.

खानापूर_केबल:
मीटरचं घरातूनही ऐकतोय. आता विकणाऱ्याला फोन केला, दुसरं कार्ड कधी चालवून बघितलंय काय म्हणून. तर म्हणतो, “खोक्यात सीलबंद आहे, एकदम नवं.”

वडगावची:
म्हणजे कधी लावलंच नाही. एक दिवस तरी चालवून दाखव म्हणावं, मग पैसे.

तिसरं_गेट:
घेतलंच तर गिऱ्हाईक जोडायच्या आधी एका रात्री चालू कार्ड उपसून बघा. नेट परत आलं तर कार्ड आहे. मला बोलवा, मी चहाला येतो.